बातमी असली तर कळवूच ना!

बाळंतपणाची तारीख जवळ आली आणि फोन सुरू झाले. ‘काय गं, काही हालचाल?’ ‘अजून नाही?’ ‘डॉक्टर काय म्हणाले?’ सकाळी मावशी, दुपारी नणंद, रात्री नवऱ्याचे मित्र. अरे, बाळ झालं तर आम्ही लपवून ठेवणार आहोत का?

डॉक्टरांनी दिलेली तारीख हा अंदाज असतो हो! शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजून काढलेला. नेमकी त्याच दिवशी जन्मणारी बाळं शंभरात जेमतेम पाच. बाकीची आपापल्या सवडीने येतात.

रात्रभर कूस बदलून पहाटे कुठे डोळा लागतो, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन. तेवढ्यात फोन वाजतो. आता उठायचं म्हणजे आधी कोपरावर जोर द्या, मग पाय खाली सोडा, मग पाठीला नवऱ्याचा हात. एवढं करून फोन उचलावा, तर पलीकडून ‘सहजच केला होता!’ सहज?

फोन बंद ठेवला तर आणखी वाईट. मग सगळे नवऱ्याला पिडतात. परवा लागोपाठचे मिस्ड कॉल पाहून त्याला वाटलं कळाच सुरू झाल्या. मीटिंग सोडून धापा टाकत घरी आला बिचारा, घामाने निथळत. मला इतकं वाईट वाटलं त्याच्याकडे बघून!

आता सांगून ठेवते. यापुढे फोन उचलला जाईल तो फक्त डॉक्टरांचा आणि आईचा. बाकीच्यांनी कृपा करून मला झोपू द्या.