मॅटरहॉर्नसाठी फक्त दम पुरत नाही

स्वित्झर्लंड-इटलीच्या सीमेवरच्या मॅटरहॉर्न शिखराबद्दल एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत माझ्यापर्यंत येतो. थोडक्यात तो असा: मॅरेथॉन पळणाऱ्या, अंगात दम असलेल्या कुणालाही चांगला गाईड घेऊन आठवड्याच्या सुट्टीत हे शिखर करता येतं. हॉर्नली धारेची, म्हणजे स्वित्झर्लंडच्या बाजूने वर जाणाऱ्या नेहमीच्या वाटेची, काठिण्यश्रेणी सोपी आहे, अवघड जागी दोर बांधलेलेच आहेत, डोंगरांत पळणारा धावपटू किलियन जोर्नेट तर पळत जाऊन आला, आणि नाहीच जमलं तर वाटेत निवारा आहे. दर उन्हाळ्यात सामान्य नोकरदार माणसं ४४७८ मीटरचा हा माथा गाठतात, एवढं त्यात खरं आहे. बाकीचं वाचून कुणी खरंच निघेल याची मला काळजी वाटते, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

दमापासून सुरुवात करतो, कारण मूळ चूक तिथेच आहे. १४ जुलै १८६५ रोजी एडवर्ड व्हिंपरसह सात जण याच हॉर्नली धारेने पहिल्यांदा माथ्यावर पोचले. त्यातला डग्लस हॅडो होता १९ वर्षांचा. त्याला सोबत घ्यावं का, असं व्हिंपरने आधी विचारलं होतं. त्यावर सोबतच्या चार्ल्स हडसनने सांगितलं की या मुलाने माँ ब्लां हे आल्प्समधलं सर्वांत उंच शिखर बहुतेकांपेक्षा कमी वेळात केलाय. आज आपण ज्याला फिटनेस म्हणतो, तो त्याच्याकडे होता. पण वरच्या कातळावर त्याला सारखी मदत लागत होती. उतरताना त्यांचा गाईड मिशेल क्रोझ त्याचे पाय हाताने धरून एकेका खाचेत ठेवत होता. तिथे हॅडो घसरला आणि क्रोझवर आदळला. त्यांच्या ओढीने हडसन आणि सातांपैकीच लॉर्ड फ्रान्सिस डग्लस खेचले गेले, मधला दोर तुटला आणि चौघेही उत्तरेच्या भिंतीवरून खाली गेले. माँ ब्लांच्या बर्फावर झपाझप चालणं वेगळं आणि कातळावर उतरणं वेगळं. दुसरं तो शिकलेला नव्हता.

आता श्रेणी. हॉर्नलीची कातळाची तिसरी श्रेणी ऐकली की कृत्रिम भिंतीवर सराव करणाऱ्यांना हसू येतं. पण हा आकडा फक्त सर्वांत अवघड चालींबद्दल बोलतो. ३२६० मीटरवरच्या हॉर्नली हटपासून माथ्यापर्यंत सुमारे १२०० मीटर चढाई आहे. चढायला चार-पाच तास, उतरायला जवळपास तितकेच. सुरुवात पहाटेच्या अंधारात, हेडटॉर्चच्या उजेडात. पायात जाड बूट, पाठीवर सॅक, वरच्या टप्प्यात बहुधा क्रॅम्पॉन्स, म्हणजे बुटांना बांधायचे बर्फावरचे काटे. खालच्या भागात वाट जरा चुकली की पूर्वेच्या भिंतीवरच्या सुट्या दगडांत जाऊन अडकायला होतं, आणि तिथून सुटलेला दगड खालच्या माणसांवर जातो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इथे प्रत्येक टप्प्यावर थांबून बिले देत, म्हणजे जोडीदाराचा दोर धरून त्याला सांभाळत, चढायला वेळच नसतो. धारेचा बराच भाग दोघं एका दोरात, एकाच वेळी चालत पार करतात. खालच्या खोल दरीच्या भीतीमुळे प्रत्येक पावलाला दोन-तीन सेकंद अडखळणारा माणूस कितीही दमदार असो, हजारो पावलांत त्याचे तास जातात. मग दुपारचे ढग उतरताना गाठतात. धारेच्या वरच्या भागातल्या ‘खांदा’ नावाच्या टप्प्याच्या वर बांधलेले जाड दोर मदत करतात हे खरं, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ६० टक्क्यांच्या आसपास असताना हातांवर अंग ओढायला लागतं. त्यासाठी आधी चार हजार मीटरच्या वर काही दिवस काढलेले असावे लागतात. आठवड्याच्या सुट्टीचं गणित इथेच चुकतं.

गाईड नेतोच, हे तर निखालस चुकीचं. या वाटेवर एका गाईडबरोबर एकच माणूस जातो. आधी जवळपासच्या रिफेलहॉर्न, पोलक्स किंवा ब्राइटहॉर्नची अर्धी धार अशा ठिकाणी तुमची चाल पाहिली जाते. ४००३ मीटरवरच्या सोल्वे निवाऱ्यापर्यंत ठरल्या वेळात पोचला नाहीत तर तो परत फिरवतो, आणि ते योग्यच आहे. तुमचा पाय सुटला तर दोराच्या दुसऱ्या टोकाला तोच असतो. क्रोझ त्याच्या काळातल्या उत्तम गाईडांपैकी एक होता.

सोल्वे निवारा फक्त आणीबाणीसाठी आहे, जेमतेम दहा जणांचा. ‘नाहीच जमलं तर’ म्हणून मुक्कामाच्या योजनेत तो धरायचा नसतो. शिवाय नेहमीची वाट नेहमीसारखी राहीलच असंही नाही. २००३ च्या कडक उन्हाळ्यात कातळाला धरून ठेवणारा बर्फ वितळला, दरड कोसळली, धार बंद झाली आणि वर अडकलेल्यांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं.

राहिला किलियन जोर्नेट. २०१३ मध्ये त्याने इटलीच्या बाजूने वर जाऊन परत यायला तीन तासांहून कमी वेळ घेतला. पण तो पिरेनीज पर्वतातल्या हटवर वाढला, वडील तिथली व्यवस्था बघायचे. आपण त्याचे शेवटचे तीन तास पाहतो.

मग तयारी कशी करायची? माझ्या मते किमान दोन हंगाम सोप्या, लांब धारांना द्यावेत. भिंतीवर पाचवी-सहावी श्रेणी चढण्यापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीच्या कातळावर जाड बूट आणि सॅकसह शेकडो मीटर रोज चढावं-उतरावं. क्रॅम्पॉन्स घालून उघड्या खडकावर चालावं. जोडीदाराबरोबर आखूड दोरात, दोर ढिला न सोडता चालायची सवय करावी. आणि उतरताना रॅपलिंगचा, म्हणजे दोरावरून सरकत खाली येण्याचा, मोह टाळावा. जिथून चढलात तिथूनच पायांनी उतरा, सुरुवातीला भिंतीकडे तोंड करून, नंतर दरीकडे तोंड करून. चार तास चढून झाल्यावर, पाय थरथरत असताना हे करून बघा, कारण हॉर्नलीवर उतराई सुरू होते ती याच अवस्थेत.