समाधान म्हणजे पुरावा नव्हे

दुर्बल घटकांसाठीच्या सेवा संशोधनाच्या पुराव्यावर आखाव्यात, हे लेखातलं म्हणणं पटलं. फक्त ‘लाभार्थी समाधानी आहेत’ हाही पुरावाच, असं जे ओघात आलंय, तिथे मी अडलो.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ साली केंब्रिज-सोमरव्हिल प्रकल्प सुरू झाला. वाईट वळणाला लागू शकतील अशा मुलांच्या सारख्या जोड्या लावल्या आणि कोणाला मदत द्यायची हे नाणं उडवून ठरवलं. समुपदेशकाच्या घरभेटी, शिकवणी, उन्हाळी शिबिरं, सगळं मनापासून केलं. सुमारे तीस वर्षांनी गुन्हेगारीशास्त्रज्ञ जोन मॅकॉर्ड यांनी त्या मुलांचा माग काढला. मदत मिळालेल्या बहुतेकांनी आपलं भलं झाल्याचं सांगितलं. नोंदी मात्र उलट बोलत होत्या: मदत मिळालेल्यांत व्यसन, मानसिक आजार आणि अकाली मृत्यू जास्त. तुलनेला मदत न मिळालेल्यांचा गट नसता तर हे कधी कळलंच नसतं. (आणि प्रकल्पाच्या अहवालात कौतुकच छापलं गेलं असतं!)

दुसरी अडचण अशी की, उपचार किंवा सेवा तपासणाऱ्या अनेक संशोधन-चाचण्यांमधून बेघर, व्यसनी किंवा एकाहून जास्त आजार असलेली माणसं आधीच वगळली जातात, आणि त्याच निष्कर्षांवर त्यांच्यासाठी योजना आखल्या जातात. लेखकाने यावरही लिहावं. अर्ध्यातून सेवा सोडून गेलेल्यांना कोण विचारतं?