वर्दी उतरल्यावर

फौजेतून निवृत्त झालेला जवान रुग्णसेवेत आला आणि तिथे त्याला श्रद्धा सापडली, हे एका लेखात वाचून माझे थोरले दादा डोळ्यांसमोर आले. ते आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होते. 'सर्वे सन्तु निरामया' हे त्या कोअरचं ब्रीद. जवान चाळिशीच्या आतबाहेरच निवृत्त होतो, आणि मुंबईत त्याला जो तो सोसायटीच्या गेटवरची नोकरी सुचवतो. दादांनी ती नाकारली. आज ते परळ-लालबाग भागात अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची घरी जाऊन सेवा करतात.

त्यांचं काम एकदा जवळून बघा. आधी हात चोळून गरम करणार, "काका, आता कुशीवर वळवतो हं" असं सांगणार, मगच अंगाला हात लावणार. दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा नि माकडहाड नीट तपासायचं. तिथली लाली वेळीच दिसली नाही तर जखम होते, आणि ती भरता भरत नाही.

फौजेत असताना देवाचं नाव न काढणारे दादा आता माळकरी आहेत. दादरला गाडगेबाबांच्या धर्मशाळेत टाटा हॉस्पिटलचे रुग्ण उतरतात. तिथे जाऊ लागल्यापासून हा बदल झाला. रोग्याला औषध देणं हाही बाबांना धर्मच वाटे, हे त्यांना मनोमन पटलं.

त्या लेखात आणखी एक गोष्ट यायला हवी होती. अशा प्रशिक्षित हातांना रुग्णालयांनी स्वतःहून बोलवावं. आमच्या दादांना हे काम ओळखीतून, योगायोगानं मिळालं.