हिंजवडीपासून फक्त पाच मिनिटं

पैसे एफडीत नुसते पडून कुजतात, एक फ्लॅट घेऊन टाक, भाड्यातनं हप्ता निघतो... हे वाक्य ज्याने पहिल्यांदा म्हटलं त्याला मला एकदा गाठायचंय. आमच्याकडे हे मामा म्हणतात. मामांनी कोथरूडला फ्लॅट घेतला तेव्हा तिथे कोल्हे ओरडायचे (हे तेच सांगतात, कोल्ह्यांची बाजू आपण ऐकलेली नाही) आणि आज त्याची किंमत काय हे विचारायची गरज नाही, ते सांगतातच.

म्हणून कागद-पेन घेऊन बसलो. समजा पुण्याजवळ, पिंपरी-चिंचवडमधल्या वाकड-पुनावळे साइडला अंडर कन्स्ट्रक्शन टूबीएचके 80 लाखाला. त्यावर स्टॅम्प ड्युटी 7 टक्के, रजिस्ट्रेशनचे 30 हजार, जीएसटी 5 टक्के, म्हणजे पडदे लावायच्या आधीच 90 लाख. 60 लाखाचं लोन साडेआठ टक्क्याने 20 वर्षांसाठी घेतलं तर हप्ता 52 हजाराच्या आसपास. भाडं समजा 24 हजार. मेंटेनन्स मालकाने भरायचा, टॅक्स मालकाने, आणि एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत महिनाभर फ्लॅटमध्ये कबुतरं राहणार, ती भाडं देत नाहीत. हप्ता न धरता, बाकी सगळं जाऊन वर्षाला हातात दोन-सव्वादोन लाख, म्हणजे 90 लाखांवर फार तर अडीच टक्के. बायको एवढंच म्हणाली की माझ्या एकटीच्या नावावर घेतला तर स्टॅम्प ड्युटी 1 टक्का कमी लागते. हे तिला आधीपासून माहीत होतं असं दिसलं.

तरी आमचे रविवार साइटवर जायला लागले कारण किंमत वाढेल ही आशा वाईट असते. साइटवर आधी कॉफी मिळते, मग पुठ्ठ्याचं मॉडेल दाखवतात ज्यात झाडं हिरवीगार आणि रस्ते मोकळे असतात, मग क्लोजिंग मॅनेजर येतो. हे खरंच त्याचं पद आहे, आणि त्याला क्लोज आपल्याला करायचं असतं. तो म्हणतो सर, हिंजवडी (म्हणजे आयटी कंपन्या, म्हणजे भाडेकरू) इथनं फक्त पाच मिनिटं. मी शुक्रवारी संध्याकाळी सहाला मुद्दाम तेच अंतर गाडीने जाऊन बघितलं, पाच मिनिटांत मी यू-टर्नपर्यंत पोचलो होतो. त्याच्या नकाशात मेट्रो, रिंग रोड, पुरंदरचं विमानतळ सगळं असतं, फक्त सध्याचा रस्ता पुसट असतो. भाडेकरू येणार तो आजच्या रस्त्याने येणार ना बाबा, नकाशातल्या नाही.

सॅम्पल फ्लॅट हा तर वेगळाच प्रकार. आत दारंच नसतात! दार असलं की ते उघडायला जागा लागते आणि मग बेडरूम केवढी आहे ते कळतं. पलंगसुद्धा आखूड, मी जरा आडवा होऊन बघितला तर पाय बाहेर, तेवढ्यात तिथली मुलगी म्हणाली सर प्लीज. कार्पेट, म्हणजे घराच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ, किती विचारलं की ते "टोटल युजेबल" सांगतात, त्यात बाल्कनी, ड्राय बाल्कनी सगळं मोजलेलं. रेराच्या (म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या कायद्याच्या) कार्पेटमध्ये बाल्कनी धरत नाहीत, तेवढा एकच आकडा लिहून मागायचा आणि भाव त्याने भागायचा, मग समोरच्याचा चेहरा बघायचा.

पण खरी मजा बायकोची. मॅनेजर म्हणाला, मॅडम शेवटचे दोन-तीनच राहिलेत. हिने तिथेच बसून मोबाईलवर महारेराची साइट उघडली, ब्रोशरवरचा पी 521 ने सुरू होणारा नंबर टाकला आणि किती बुक झालेत ते मोठ्याने वाचून दाखवलं. निम्मेही नव्हते. पझेशनची तारीख त्याने तोंडी सांगितली त्याच्या दीड वर्ष पुढची निघाली. मग तो म्हणाला आज टोकन द्या, पंधरा दिवसांत 20 टक्के भरा, अ‍ॅग्रीमेंट नंतर बघू. ही म्हणाली, अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर झाल्याशिवाय 10 टक्क्यांच्या वर घेता येत नाही ना तुम्हाला? त्यानंतर कॉफी विचारायला कोणी आलं नाही.

बाहेर पडल्यावर मात्र ती शेजारच्या, राहत्या सोसायटीच्या वॉचमनशी बोलते, आणि माझ्या मते सगळ्या रिसर्चमध्ये हीच दहा मिनिटं कामाची. दिवसाला टँकर किती येतात, विंगमध्ये संध्याकाळी किती घरात लाइट दिसतात, लोक का सोडून जातात, हे त्याला तोंडपाठ असतं. पिंपरी-चिंचवडला 2019 च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी आहे, आणि ब्रोशरमध्ये इन्फिनिटी पूल. टँकरचं बिल मेंटेनन्समधनं जातं आणि मेंटेनन्स कोण भरतो ते वर लिहिलंच आहे.

शेवटी म्हटलं रिसेल बघू, जीएसटी नाही, जे आहे ते डोळ्यासमोर. पिंपळे सौदागरला एक आवडला. इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदीचा सरकारी उतारा) बघितला, भोगवटा प्रमाणपत्र बघितलं, वकिलाला मालकीच्या नोंदींचा 30 वर्षांचा सर्च काढायला सांगणार होतो, तेवढ्यात चेअरमन काका भेटले. म्हणाले भाड्याने देणार असाल तर बॅचलर नको, पाळीव प्राणी नको, आणि नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते) मेंटेनन्सएवढेच, म्हणजे डबल. मी म्हटलं काका, सरकारच्या 2001 च्या आदेशाप्रमाणे सर्व्हिस चार्जेसच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. ते म्हणाले ते सरकारचं झालं, आमचं जनरल बॉडीत ठरलंय. मग हिने कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आहे का विचारलं, लिफ्टचं एएमसी (देखभालीचं वार्षिक कंत्राट) कोणाकडे आहे विचारलं, सिंकिंग फंडात, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी राखलेल्या पैशांत, किती आहेत विचारलं.

काका बराच वेळ हिच्याकडे बघत राहिले आणि एकदम खुलले. "ताई, तुम्ही घ्याच हो फ्लॅट. सेक्रेटरीची जागा दोन वर्षं रिकामी आहे."

आता आम्ही रहाटणीत बघतोय.