सत्काराला चाळीस मिनिटे, प्रश्नाला एकही नाही

गेली बारा वर्षे मी जळगावात वेबसाइट बनवण्याचे काम करते. माझी गिऱ्हाइके म्हणजे डाळमिल, पतसंस्था, दवाखाने, शाळा आणि अलीकडे रावेरकडचे केळीचे दोन व्यापारी. या कामात शेजारच्या टेबलावर कोणी बसलेले नसते. मोठ्या शहरातल्या कंपनीत अडले की मान वळवून विचारता येते. येथे रात्री अकरा वाजता एखादी साइट बंद पडली, तर आपण आणि आपला लॅपटॉप एवढेच उरतो. म्हणून डेव्हलपर मंडळींच्या मेळाव्यांविषयी मला मनापासून आस्था आहे, आणि म्हणूनच मध्यंतरी आपल्याकडच्या एका महाविद्यालयात झालेल्या अशा मेळाव्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही.

दहाची वेळ होती, सुरुवात सव्वाअकराला झाली. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, मग व्यासपीठावरील नऊ मान्यवरांचा शाल व श्रीफळ देऊन सत्कार. हे सर्व होण्यास चाळीस मिनिटे लागली, हे मी घड्याळ लावून पाहिले आहे. त्यानंतर पाहुण्यांनी तंत्रज्ञानाच्या उज्ज्वल भवितव्यावर स्लाइड दाखवल्या. पारोळ्याहून एसटीने आलेला एक मुलगा प्रश्नासाठी तीनदा उभा राहिला आणि तिन्ही वेळा सूत्रसंचालकांनी ‘वेळेअभावी’ म्हणून त्याला खाली बसवले. आभारप्रदर्शन मात्र सविस्तर झाले. त्यात मंडपवाल्याचेही नाव आले.

तो मुलगा मला नंतर बसस्थानकावर भेटला. ‘ताई, गिऱ्हाईक माले फोनवर फोन करी राह्यना,’ एवढेच तो प्रथम बोलला. त्याने बनवलेली एका मंगल कार्यालयाची साइट संगणकावर नीट उघडत असे, मोबाइलवर मात्र ती थेट जुगाराच्या पानावर जात असे. मी विचारले, फॉर्मचा प्लगइन कोठून घेतलास? प्लगइन म्हणजे साइटला जोडायचा तयार प्रोग्राम. पैसे देऊन घ्यायचा प्लगइन त्याने कोणत्याशा साइटवरून फुकट उतरवला होता. अशा फुकट प्रतींमध्ये पुष्कळदा कोणीतरी आपला कोड घालून ठेवलेला असतो, आणि साइटच्या मालकाच्या लक्षात लवकर येऊ नये म्हणून तो केवळ मोबाइलवरून आलेल्यांनाच दुसरीकडे वळवतो. प्लगइन काढून टाकणे, वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरच्या मूळ फाइल नव्याने चढवणे, कोणी अनोळखी अ‍ॅडमिन तयार झाला आहे का ते पाहणे आणि सगळे पासवर्ड बदलणे, हे चार टप्पे मी त्याला तिकिटाच्या मागे लिहून दिले. बस लागेपर्यंत जेमतेम दहा मिनिटे गेली. सभागृहात हीच दहा मिनिटे मिळाली असती, तर तेथे बसलेल्या दीडशे विद्यार्थ्यांनाही त्याचा उपयोग झाला असता.

माझे म्हणणे एवढेच आहे की, मेळावा व्यासपीठासाठी भरतो की अडलेल्या माणसासाठी, हे आयोजकांनी आधी ठरवावे. या क्षेत्रातल्या मेळाव्यांची घडण मुळात दुसऱ्या प्रकारची आहे. २००५ मध्ये कॅलिफोर्नियात बारकॅम्प नावाचा तंत्रज्ञ मंडळींचा पहिला खुला मेळावा भरला, तेव्हापासून त्याची रीतच अशी आहे की तेथे प्रेक्षक नसतात, जो येईल त्याने काहीतरी मांडावे किंवा काही काम उचलावे, आणि विषयांचे वेळापत्रक त्याच दिवशी सकाळी फळ्यावर लागते. २००६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या वर्डकॅम्पमध्ये, म्हणजे वर्डप्रेसवर काम करणाऱ्यांच्या मेळाव्यात, वक्त्यांना मानधन नसते, आयोजक स्वयंसेवक असतात आणि तिकीट मुद्दाम स्वस्त ठेवलेले असते. आशिया खंडाचा वर्डकॅम्प २०२३ मध्ये बँकॉकला, २०२४ मध्ये तैपेईला आणि २०२५ मध्ये मनिलाला झाला, आणि २०२६ साठी मुंबईची निवड झाली. मुंबई आपल्याला मनिलापेक्षा जवळची, हे खरे. परंतु पारोळ्याच्या त्या मुलाला दोन-तीन दिवसांचे राहणे-खाणे परवडणार आहे का?

मोठ्या मेळाव्यांचे मोल मी नाकारत नाही. काही वर्षांपूर्वी रात्रीच्या बसने मी पुण्याला अशाच एका मेळाव्याला गेले होते. तेथील भाषणांपैकी आज मला एकही आठवत नाही, चहाच्या रांगेतले बोलणे मात्र शब्दन् शब्द आठवते. येथील एका शाळेची साइट मी केली होती आणि मुख्याध्यापक सर सारखे म्हणत, ‘बाई, हा ल आपला नाही.’ त्यांचे म्हणणे रास्त होते. शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श प्रमाण मानले आहेत, आणि साइटवर दिसत होता तो हिंदी वळणाचा, उभ्या दंडाचा ल. मी वर्षभर फॉन्ट बदलत राहिले. रांगेत पुढे उभ्या असलेल्या सोलापूरच्या एका बाईंनी माझ्या मोबाइलवर साइट पाहिली आणि विचारले, ‘साइटची भाषा इंग्रजीच ठेवली आहे का हो तुम्ही?’ ठेवली होती, कारण डॅशबोर्ड, म्हणजे साइट सांभाळायची आतली पाने, मला इंग्रजीत हवा होता. त्या म्हणाल्या, साइटची भाषा मराठी करा आणि स्वतःच्या प्रोफाइलमध्ये इंग्रजी निवडा, वर्डप्रेसच्या ४.७ आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, ही सोय आहे. पान मराठी आहे हे ब्राउझरला कळले, आणि फॉन्टमध्ये दोन्ही वळणे दिलेली असली, की मराठी वळण आपोआप दिसते. वर्षभराचे दुखणे चहा संपायच्या आत गेले. सरांनी नंतर पेढे दिले, ते वेगळेच.

आपल्याकडे ‘वक्ते कोठून आणणार?’ हा प्रश्न पहिला निघतो. माझ्या मते तो चुकीचा आहे. धुळ्यात, शिरपूरला, चोपड्याला, भुसावळला असे काम एकट्याने करणारी माणसे आहेत. प्रत्येकाकडे महिन्याला निदान एक तरी फसलेले काम असते, आणि ऐकण्यासारखे तेच असते. तासभराच्या व्याख्यानाची गरज नाही. पंधरा मिनिटांत काय बिघडले, काय करून पाहिले आणि शेवटी कशाने सुटले, एवढे आपल्या बोलीत सांगता आले तरी पुरे. अहिराणीत विचारलेल्या प्रश्नावर मागच्या बाकावर कोणी हसणार नाही, एवढी काळजी मात्र घ्यावी लागेल.

जागा म्हणून मी अमळनेर सुचवते. नंदुरबार, दोंडाईचा, धरणगाव, जळगाव ही सारी गावे त्याच रेल्वेमार्गावर आहेत आणि धुळ्याहून एसटीने फार वेळ लागत नाही. आज सॉफ्टवेअरसाठी ओळखली जाणारी विप्रो २९ डिसेंबर १९४५ रोजी याच गावात वनस्पती तुपाची कंपनी म्हणून स्थापन झाली, हे आपण प्रत्येक पाहुण्याला अभिमानाने सांगतो. त्याच गावात वेबसाइट बनवणारे वीस जण महिन्यातून एकदा एकत्र बसत नाहीत, याचा उल्लेख आपण टाळतो.

तेथील एका वाचनालयाशी माझे बोलणे झाले आहे. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी वरची खोली मिळेल. तीसेक माणसे सतरंजीवर बसू शकतील. व्यासपीठ नाही, त्यामुळे शाल-श्रीफळाचा प्रश्नच नाही. चहाचे पैसे वर्गणीतून देऊ. आपली बिघडलेली साइट आणि तिचे पासवर्ड घेऊन यावे. खोलीत विजेचे दोनच पॉइंट आहेत, तेव्हा ज्यांच्याकडे लांब वायरचा बोर्ड असेल, त्यांनी खाली तसे कळवावे.