टीएसएच नॉर्मल आला म्हणून शंका मिटत नाही
‘टीएसएच नॉर्मल आला की थायरॉइडची काळजी सोडा’ हे तुमच्या थायरॉइडवरच्या लेखातलं वाक्य फार खटकलं. रक्तात तपासलं जाणारं टीएसएच हे संप्रेरक थायरॉइड ग्रंथी बनवतच नाही, तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीने तिला धाडलेला निरोप असतो. रक्तातलं टी४ (थायरॉइड स्वतः बनवते ते संप्रेरक) घटलं की टीएसएच वाढतो, पण हा हिशेब पिट्युटरी धडधाकट असेल तरच जुळतो. तीच दुखावलेली असेल तर टी४ तळाला जाऊनही टीएसएच नॉर्मल दिसू शकतो.

माझ्या थोरल्या बहिणीचं हेच झालं. बाळंतपणात अतोनात रक्तस्राव झाला होता. नंतर दूध आलंच नाही, पाळी परतली नाही, सारखी थंडी वाजायची, जिना चढवेना. दर वेळी फक्त टीएसएच तपासायचे, दर वेळी नॉर्मल, आणि थकवा ‘बाळाच्या जागरणामुळे’! अशी चार वर्षं गेली. शेवटी एका डॉक्टरांनी बाळंतपणाची सगळी हकीकत विचारली आणि फ्री टी४ (रक्तातलं मोकळं टी४) व सकाळचं कॉर्टिसॉल (पिट्युटरीच्याच हुकुमावर अॅड्रिनल ग्रंथी बनवतात ते संप्रेरक) तपासलं. दोन्ही खूपच कमी. शीहान सिंड्रोम, म्हणजे रक्तस्रावामुळे पिट्युटरीला रक्त न मिळून तिचा भाग निकामी झालेला. उपचारातही क्रम होता: आधी हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलची उणीव भरणारं औषध), मगच थायरॉक्सिन (म्हणजे औषधरूपातलं टी४). कॉर्टिसॉल कमी असताना नुसतं थायरॉक्सिन सुरू केलं तर जिवावर बेतू शकतं, असं त्यांनी बजावलं. कृपया ते वाक्य दुरुस्त करा, आणि बाळंतपणातला रक्तस्राव व दूध न येणं या दोन खुणा तरी लेखात घाला.