बॉक्सिंगच्या सिनेमातला समोरचा माणूस

बॉक्सरवरचा सिनेमा आला की मी सोडत नाही, चांगला असो नाहीतर भिकार. पण एक गोष्ट आता जाम डोक्यात जायला लागलीय. हिरोला मोठं करायचं म्हणून समोरच्या बॉक्सरला सरळ राक्षस करून टाकतात, आणि तोही खराखुरा माणूस होता, त्यालाही घरदार होतं, हे यांच्या गावीही नसतं.

'सिंड्रेला मॅन' घ्या, रसेल क्रोवाला, २००५ चा. महामंदीत गोदीवर हमाली करणारा जिम ब्रॅडॉक १९३५ मध्ये हेवीवेट चॅम्पियन होतो, सरकारकडून घेतलेली मदतही परत करतो, हे सगळं खरं आहे आणि क्रोने काम कडक केलंय. पण ज्याला हरवून तो चॅम्पियन झाला, तो मॅक्स बेअर? सिनेमातला बेअर म्हणजे रिंगमध्ये माणसं मारून वर मिरवणारा, हॉटेलात ब्रॅडॉकच्या बायकोला नाही नाही ते बोलणारा गुंड. खरा बेअर बघा. १९३० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्याच्याशी लढल्यावर फ्रँकी कॅम्पबेल गेला, ते याच्या मनातून कधी गेलंच नाही, त्याने कॅम्पबेलच्या घरच्यांना पैशाची मदत केली, आणि पुढच्या बऱ्याच फाइट तो हरला. १९३३ मध्ये जर्मनीच्या श्मेलिंगला लोळवताना, म्हणजे हिटलर नुकताच सत्तेवर आलेला असताना, याच माणसाच्या शॉर्ट्सवर ज्यूंचा तारा होता. बेअरचा मुलगा या सिनेमावर भडकला होता. का नाही भडकणार? आपल्या बापाला असं दाखवलं तर आपण गप्प बसू का?

'द हरिकेन'मध्ये तेच. रुबिन कार्टर या काळ्या बॉक्सरवर खुनाच्या केसमध्ये अन्याय झाला, जवळपास वीस वर्षं तुरुंगात गेली, त्याबद्दल वादच नाही. पण १९६४ ची जोई जियार्डेलोबरोबरची फाइट अशी दाखवलीय की कार्टरने त्याला झोडपून काढलं आणि जजेसनी गोऱ्याच्या पदरात निकाल टाकला. प्रत्यक्षात जियार्डेलो पॉइंट्सवर नीट जिंकला होता. त्याने केस ठोकली आणि सिनेमावाल्यांना तडजोड करावी लागली.

('रेजिंग बुल' या भानगडीतून सुटतो कारण तिथे राक्षस हिरोच आहे. हा हिरो, म्हणजे बॉक्सर जेक लामोटा, शुगर रे रॉबिन्सनशी सहा वेळा लढला, एकदाच जिंकला, आणि सिनेमा रॉबिन्सनला कुठेही खलनायक करत नाही.)

आणि खरं सांगायचं तर बॉक्सरचा वैरी बहुतेक वेळा रिंगमध्ये नसतोच, तो वजनकाट्यावर असतो, फेडरेशनच्या ऑफिसात असतो. मेरी कोम ४८ किलोतली वर्ल्ड चॅम्पियन, पण २०१२ ला लंडनमध्ये बायकांचं बॉक्सिंग पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं तेव्हा वजनगट तीनच, सगळ्यात खालचा ५१. म्हणजे वजन वाढवा आणि अंगाने मोठ्या पोरींशी लढा. तरी ब्राँझ आणलं बाईने. २०१८ ला पोलंडमध्ये तर पहाटे विमानातून उतरली, सकाळी वजन द्यायचं आणि काटा दोन किलो जास्त, तर दोरीवरच्या उड्या मारून मारून ते उतरवलं, वर गोल्डही घेतलं. प्रियांकाच्या सिनेमापेक्षा हा सीन मला जास्त थरारक वाटतो, अर्थात सिनेमा २०१४ चा, त्यात हा कुठून येणार. पण वजनाचं हे रोजचं मरण आपल्या सिनेमात कधी नीट येतच नाही, तिथे सगळं शेवटच्या राउंडला पडून परत उठण्यावर. 'मुक्काबाज'ने निदान जात, फेडरेशनची दादागिरी आणि कोट्यातली रेल्वेची नोकरी दाखवली, त्यातला हिरो काल्पनिक असूनही तो मला जास्त खरा वाटला.

'द फायटर' मला आवडतो, तरी एक राग आहेच. मिकी वॉर्डची गोष्ट तो २००० सालच्या लंडनच्या विजयावर संपवतो. आणि वॉर्डचं सगळ्यात मोठं काम त्यानंतरचं, आर्तुरो गाट्टीबरोबरच्या तीन फाइट, २००२ आणि २००३ मधल्या. दोघांनी एकमेकांना अक्षरशः हॉस्पिटलात पाठवलं, पहिली वॉर्ड जिंकला, पुढच्या दोन गाट्टी, आणि या सगळ्यातून दोघे जिवलग मित्र झाले, इतके की २००७ मध्ये गाट्टीच्या शेवटच्या फाइटला त्याचा ट्रेनर वॉर्ड होता. यात खलनायक कोणाला करणार? पहिल्या फाइटचा नववा राउंड नेटवर सहज सापडतो, तीन मिनिटं काढा आणि बघाच.